साडूची बटणं

जालना जिल्ह्यात माझ्या साडूइतका नशीबवान माणूस दुसरा नाही. असलाच, तर कृपा करून त्याची माझी ओळख करून देऊ नका. एकावर जळता जळताच माझा जीव मेटाकुटीला आला आहे. आम्हा दोघांचा छंद एकच, जुन्या फौजी कोटांची पितळी बटणं जमवण्याचा. आधी तो मला लागला, हे इथं ठासून सांगतो. जालन्यात एके काळी फौजेची छावणी होती, म्हणून अशी बटणं इकडे अजून निघतात. त्यांच्यासाठी मी जुन्या बाजारात चपला झिजवल्या. हा गडी मात्र एमआयडीसीतल्या कारखान्यात भंगार निवडायच्या कामावर; याच्या पायाशी ट्रकच्या ट्रक आपण होऊन येऊन पडतात. एकदा धावड्याला सासऱ्यांच्या वावरात आम्ही दोघं हरभरा खायला गेलो होतो. मी कंबर मोडेस्तोवर ढेकळं न्याहाळली. याला चपलेत खडा टोचला म्हणून यानं चप्पल झटकली, तर खडा कसला, बटण! "चला, घावलं एक," म्हणाला आणि सोलाणे खात बसला. मला त्या दिवशी हरभरा कडू लागला.

बटणाचं वय सांगायची त्याची तऱ्हा तर विचारूच नका. बटण हातात आलं की आधी पालथं करणार. "तोंड कोणीबी चमकवतं, साडूभाऊ. पाठ पहा, पाठ." मागची कडी कशी डाकवली आहे, पत्रा एक आहे की दोन जोडलेत, हे बघून झालं की मगच तोंडावरचा इंग्रजी मुकुट. मुकुटाची कमान मधे दबलेली असली तर राणीच्या काळातलं, गोल फुगलेली असली तर नंतरच्या राजांचं. ही सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर गेला आणि नवरदेवाच्या शेरवानीचं बटण उलटं करून म्हणाला, "औंदाचंच आहे." जुनं पितळ घासायचं नाही, हा त्याचा धर्म. एका दिवाळीत मी माझी चाळीस बटणं घरच्या समई-तांब्यांबरोबर चिंच लावून लखलखीत घासली आणि ऐटीत त्याच्यापुढं मांडली. यानं ती पाहिली आणि हातातला लाडू खाली ठेवला. "सगळ्याईचं वय धुवून टाकलं की हो तुमी!" सुतक असल्यासारखा दिवसभर बसून राहिला. आणि बटणाच्या बाबतीत भीडमुर्वत बिलकुल नाही. एका शेटजींनी मोठ्या कौतुकानं खानदानी बटण दाखवलं, तर म्हणाला, "शेट, हे शाळेच्या बँडच्या ड्रेसचं आहे." शेटजी वर्षभर बोलले नाहीत.

पण एक गोष्ट याला कुठल्याच भंगारात मिळणार नव्हती: फौजी आजोबा. ते माझ्याकडे होते! आजोबा पलटणीत होते असं वडील सांगायचे, आणि त्यांच्या कोटाचं एकच बटण, दोन तलवारींची फुली असलेलं, वडिलांनी मरताना माझ्या हातात ठेवलं होतं. गेल्या पाडव्याला धावड्यात सगळा गोतावळा जमला असताना मी ते बाहेर काढलं. सासरे म्हणाले, "धाकटे जावई, पाहा बरं." यानं पालथं केलं. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बराबर आहे. पलटणीचंच." सासऱ्यांनी ते बटण साऱ्या गल्लीत फिरवलं. जेवायला पहिला पाट मला! आयुष्यात पहिल्यांदा मी साडूकडे दयेनं पाहिलं.

महिन्याभरानं सहज त्याच्या घरी गेलो. तो आंघोळीला गेला होता. त्याचा खण उघडाच होता, आणि दुसऱ्याचा खण उघडा दिसला की मी बघणारच. बटणं पुठ्ठ्यांवर दोऱ्यानं टाचलेली, शेजारी चिठ्ठ्या. तळाच्या पुठ्ठ्यावर सहा बटणं, त्याच तलवारींची फुली, मागं तशीच कडी. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'लग्नातले बाजेवाले.'

तो टॉवेल गुंडाळून दारात उभा. माझ्या हातात पुठ्ठा.

"खोटं बोललात तुम्ही," मी म्हणालो.

"हो." तो खाली बसला. "तुमचं तोंड पाहून न्हाई बोलल्या गेलं. कोणाला सांगू नका. माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवून लोक बटणं घेऊन राह्यलेत."

मी पुठ्ठा खणात परत ठेवला. मग तोच हळूच म्हणाला, "चांगल्या बँड पार्टीचं आहे पण. जाड पितळ. असे कोट आघाडीवर वाजवणाऱ्यालाच शिवायचे, मालकाची मर्जी असल्याशिवाय भेटत न्हाई. काय वाजवायचे हो आजोबा?"

मला कुठं ठाऊक! वडिलांना लाज वाटली असेल, म्हणून त्यांनी बापाचं वाजवणं पुसून हातात बंदूक दिली, आणि मी ती मिरवत फिरलो. घरात आता विचारायलाही कोणी उरलेलं नाही. माझ्या सख्ख्या आजोबांची खरी गोष्टसुद्धा आधी यालाच कळावी, याचा मला सपाटून राग आला. महिनाभर हा एकटा ती जपून बसला होता. त्याच्या बायकोनं चहा आणून ठेवला, आणि आजोबा सनई वाजवत असतील की ताशा, यावर आम्ही दोघं तिन्हीसांजेपर्यंत भांडत बसलो.