रेडिओकाकांचा लुडोचा डबा

आपल्या बाजूची चूक आपल्याच माणसाने भर सभेत सांगितली, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? गद्दार? मीही तेच म्हणायच्या बेतात होतो. पण तो माणूस रेडिओकाका होता.

शेगावात स्टेशनकडच्या गल्लीत त्यांचं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. न उघडलेल्या वस्तूबद्दल ते मत देत नसत. गिऱ्हाईक म्हणे, "काका, वायरच तुटली असंन." काकांचं उत्तर ठरलेलं, "तुले दिसली का? मंग उघडू दे."

आमच्या बुद्धविहारापाशी लुडोचे सामने व्हायचे. फासा बोटाने फिरवला म्हणून दर वर्षी भांडण. शेवटी काकांनी जेवणाच्या डब्यात बॅटरी, बटण आणि लाल आकडा दाखवणारी पट्टी बसवली. बटण दाबा, दान घ्या.

त्या वर्षी अंतिम सामना आमची वस्ती विरुद्ध बाजारपेठ. दोन्ही डाव आम्ही जिंकले. बाजारपेठेचे मास्तर उठले. "काका, डबा तुमचा, पह्यलं दान तुमचं. दोन्ही डावांत पह्यले सहाच काऊन पडले?" लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही. आरोप उघड होता.

मी पेटलो. आमच्या माणसाने यंत्र बनवलं, हेच यांना खुपलं! तिथेच बसून पत्रक लिहायला घेतलं. मथळा : 'बुद्धी कोणाची मक्तेदारी?'

काकांनी ते वाचलं. "जोरदार लिहिलं बे. पण मास्तर खोटं बोलले, हे तू पाह्यलं का?"

"काका, ते तुमच्या नावाले काळं फासून राह्यले!"

"नाव माहं हाय ना? मंग पह्यले डबा पाहू."

त्यांनी डबा बंद करून चालू केला. सहा, दोन, पाच. पुन्हा बंद, पुन्हा चालू. सहा, दोन, पाच. चालू केला की आकड्यांची तीच रांग पहिल्यापासून सुरू होत होती. बॅटरी वाचावी म्हणून आम्ही प्रत्येक डावानंतर तो बंद करायचो, आणि डबा ज्यांचा त्यांनी पहिलं दान घ्यायचं हा आमचाच रिवाज.

काका सगळ्यांसमोर उभे राहिले. "मास्तरांचं खरं हाय. मुद्दाम नाही केलं, पण चूक माहीच. दोन्ही डाव रद्द करा."

आता बाजारपेठवाले हसणार, म्हणून मी मुठी आवळल्या. मास्तर पुढे आले. "मले वाटलं, तुम्ही भांडसान."

"भांडून आकडा बदलते का, मास्तर?"

मास्तरांनी काकांचा हात हातात घेतला. माझा जीव भांड्यात पडला. ते पत्रक छापून झालं असतं तर? आजही विचाराने घाम फुटतो.

काकांनी तासाभरात जोडणी बदलली. बटण दाबून धरलं की आकडे सपाट्याने फिरायचे, बोट उचललं की थांबायचे. "बोट कवा उठंन, ते बोटालेई ठावं नसते," ते म्हणाले. पुन्हा खेळलेला सामना आम्ही हरलो. पुढच्या वर्षी मास्तरांनीच बाजारपेठेच्या सामन्यांसाठी तो डबा मागून नेला.

काका आता जालन्याला लेकीकडे राहतात. मी अजून पत्रकं लिहितो, अन्यायाविरुद्ध लिहीतच राहणार. पण तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या मंडळात, संघटनेत एखादा माणूस उठून "चूक आपलीच आहे" म्हणाला, तर त्याला खाली बसवू नका. उठा, आणि त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा.