नावामागची रिकामी जागा

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी सी भाषा शिकवते. कॅरेक्टर आणि स्ट्रिंगचा धडा आला की फळ्यावर चौकोनी खण आखते. एका खणात एक अक्षर, ते कॅरेक्टर. असे खण ओळीनं मांडून शेवटी शून्य ठेवलं की झाली स्ट्रिंग. मग मधलाच एक खण मोकळा ठेवून विचारते, यात काय आहे? मुलं म्हणतात, काही नाही. इथं मी दरवर्षी चिडते. काही नाही कसं? स्पेस हेही कॅरेक्टरच. त्यालाही बत्तीस हा आकडा आहे, त्यालाही खण लागतो. आपल्याला दिसत नाही म्हणून मशीन ते सोडून देत नाही.

यापुढं मी एक किस्सा सांगते. इतकी वर्षं तो अर्धाच सांगत आले.

माझे वडील, आबा, कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसायचे. त्यांच्या मशीनवर नुकतं उमटलेलं अक्षर पट्टीआड झाकलं जायचं. म्हणून नाव टाइप झालं की ते एकदा स्पेस दाबायचे. कागदाचा गाडा एक घर पुढं सरकायचा, शेवटचं अक्षर दिसायचं आणि ते नीट उमटलंय याची खात्री झाल्यावरच आबा पुढं जायचे. पुढं गिऱ्हाईक आटलं. मशीन घरी आलं, आबाही घरी बसले.

मी तेव्हा एका कॉलेजच्या ऑफिसात कंत्राटी कामाला होते. मुलींच्या वसतिगृहाची यादी लावणारा प्रोग्रॅम माझा. अर्जातलं नाव निकालातल्या नावाशी खणाला खण जुळलं, तरच मुलगी यादीत. मुरगूडकडच्या एका मुलीचा अर्ज उशिरा आला, त्यात ऑपरेटर रजेवर. मी तो घरी आणला आणि आबांना लॅपटॉपपुढं बसवलं. त्यांना काहीतरी काम मिळावं, एवढाच हेतू. चष्मा पुसून पुसून त्यांनी तो एक अर्ज भरला, तीनदा तपासला. बऱ्याच दिवसांनी ते खुशीत दिसले, मलाही बरं वाटलं.

यादी लागली, त्यात ती मुलगी नव्हती. गुण तर भरपूर होते. तिचे वडील ट्रंक आणि वळकटी घेऊनच आलेले. भांडले नाहीत. खोली न्हाय तर शिक्षण बी न्हाय, रोज एवढ्या लांबनं पोरीला पाठवणार न्हाय, एवढंच म्हणाले. मुलगी ट्रंकेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होती.

मी दोन्ही नावांची लांबी छापून बघितली. अर्जातलं नाव एका खणानं लांब निघालं. शेवटी एक स्पेस होती. ती कुणाच्या बोटाची, हे सांगायला मला कुणी लागत नव्हतं.

घरी जाऊन मी आबांवर तोंड सोडलं. एक नाव धड टाइप करता येत नाही का, असं शेजारपाजारला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं. ते लॅपटॉपच्या पडद्याकडं बघत राहिले. दिसण्यासारखं तिथं काहीच नव्हतं.

खरं तर नावं जुळवण्याआधी शेवटच्या स्पेस छाटून टाकायच्या असतात. ती ओळ मी लिहिलीच नव्हती. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ऑफिसला कळलं तर माझं कंत्राट संपलं, हेही कळलं होतं. आणि चूक कुणाची हे लेखी आल्याशिवाय यादी बदलणार नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

शेवटी हे सगळं मी आबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, “माझ्या नावावर घाल की. मला आता कोण कामावरनं काढणार हाय?”

त्यांनी टाइपरायटरवरचं फडकं काढलं, कार्बन घातला. अर्ज टाइप करताना माझ्या हातून चूक झाली, त्याची शिक्षा मुलीला होऊ नये, असं लिहून सही केली. मी तो कागद नेऊन दिला. मुलीला खोली मिळाली. माझं कंत्राट वाढलं. राहिलेली ओळ मी दुसऱ्या दिवशी गुपचूप प्रोग्रॅममध्ये घातली. आबा परत कधी लॅपटॉपला शिवले नाहीत.

यंदाही वर्गात मी किस्सा सांगितला आणि नेहमीसारखं म्हणाले, चूक टाइप करणाऱ्याची. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

“मॅडम, त्यांची कशी चूक? ते तर अक्षर तपासत होते. छाटायचं काम कोडचं हाय की.”

मी फळ्याकडं वळले, खडू हातात तसाच राहिला. मग परत वर्गाकडं तोंड केलं आणि सांगितलं, कोड माझा होता, चूक माझी होती, आणि टाइप करणारे माझे वडील होते.

मी धडा पुढं नेला. घरी येऊन ती कार्बन कॉपी काढली. अक्षरं फिकी झालीत, सही अजून ठळक आहे. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. जे वर्गात म्हणाले, ते त्यांच्या हयातीत, त्यांच्यासमोर चारचौघांत म्हणायचं होतं.