कावळ्यासमोरची साक्ष

इंग्रजांच्या अमदानीत बऱ्हाणपुरात मी मिशनचा पगारी उपदेशक होतो. आठवडी बाजारात पेटी वाजवून गर्दी जमवायची आणि भाषण ठोकायचं, हे माझं काम. लोक पेटी ऐकायला यायचे आणि भाषण सुरू झालं की भाजी घ्यायला जायचे. मिशनच्या साहेबांना मी सांगायचो, ऐकणारे पुष्कळ होते. साहेब बिचारे खूश. कुणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर तयार ठेवा, असं पवित्र शास्त्रातलं वचन ते नेहमी बजावायचे. माझी उत्तरं वहीत क्रमवार तयारच होती. विचारायला कुणी येत नव्हतं, म्हणून तर माझा आवाज इतका खणखणीत होता.

मग गावी, निंबोल्याला, वडील वारले. ते शेवटपर्यंत हिंदूच राहिले. मी ख्रिस्ती झालो तेव्हा त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही, फक्त जेवायला ओसरीवर बसवलं. पुढे तेही आपलं ताट घेऊन ओसरीवर येऊ लागले. त्यांच्या दहाव्याला मी बऱ्हाणपूरच्या राजघाटावर गेलो. पिंड द्यायला धाकटा भाऊ होता. मला पायऱ्यांच्या कडेला उभं राहायची परवानगी मिळाली, तीही नदी कुणाच्या बापाची नाही म्हणून.

पिंड मांडला. एरवी त्या घाटावरचे कावळे हातातला घास पळवतात. त्या दिवशी एकजात सगळे झाडावर बसून राहिले. कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काही इच्छा राहिली, आणि ती पुरी करायचं वचन मोठ्यानं द्यायचं, ही आमच्याकडची रीत. भाऊ म्हणाला, बैल विकणार नाही. कावळे ढिम्म. आत्या म्हणाली, धाकट्या लेकीला चांगलं घर पाहू. ढिम्म. एकानं तर बांधाचं भांडण मिटवायचं वचन दिलं. त्याचा त्या बांधाशी काडीचाही संबंध नव्हता. ऊन चढलं, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडू लागले, झाडावरचे मात्र गप्प. तेव्हा सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

काका म्हणाले, "पोरा, तुह्या बापाचा जीव तुह्यात अडकेल हाये. मी परत येतो, एवढंच म्हन त्यायले."

एवढंच, तीन शब्द. ते दुसऱ्या दिवशी मोडता आले असते, साहेबांना कळलंही नसतं. सांगायला आजही लाज वाटते, पण मी तोंड उघडलं ते तेच तीन शब्द बोलायला. पण ते वडिलांना सांगायचे होते, आणि त्यांच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो.

"नाही येनार, काका."

काका भडकले. "मंग तुह्या धरमात तुहा बाप कुठी गेला, तेबी सांग. बाजारात तं लय बोलतो ना!"

याचं उत्तर वहीत होतं. बाजारात ते मी मुठी आवळून सांगत असे, कारण तिथे मेलेला बाप माझा नसे. आता माझी पुस्तकी मराठी कुठे पळाली कोण जाणे.

"बाबा कुठी हायेत मले ठाव नाही, काका. पन ज्याच्यावर माहा भरवसा हाये तो मरनातून उठेल हाये, अन् तो माह्यापेक्षा लय दयाळू हाये. बाबाले त्याच्या हाती सोडतांना मले भेव वाटत नाही. त्यायची माही भेट होईन, अशी आस हाये मले."

एवढं बोलून मी रडलो. माझ्या सबंध नोकरीतलं हे सगळ्यात छोटं भाषण, आणि मधेच उठून कुणी गेलं नाही. अर्थात, जेवणं व्हायची होती.

काकांनी दर्भ हातात घेतला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. "तुह्यापायी बाप उपाशी चालला," ते म्हणाले. इतकं लागणारं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली आई उठून माझ्याजवळ आली.

"अन् माही होईन का रे भेट त्यायची?"

मला वहीतली एकही ओळ आठवली नाही.

"आस हाये, माय."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि काकांकडे वळून म्हणाली, "करा तुमचा दर्भाचा कावळा. माह्या पोराले खोटं बोलाले लावू नका."