मातीला पाय

कुरुळीतले आमचे शेजारचे भाऊजी औषधं तपासणाऱ्या कंपनीत कुत्र्यांची देखभाल करतात. कुठल्याही जनावराला हात लावण्याआधी ते तळवे घासून ऊब आणतात.

एकदा मी विचारलं, "मुक्या जिवांवर औषधं तपासणं पटतं का हो?"

"आईच्या गोळ्या अशाच तपासून आल्यात, वहिनी. चूक कसं म्हणू? पण बरोबर म्हणायला जीभ रेटत न्हाई."

गेल्या महिन्यात चाचण्यांतून सुटलेली एक कुत्री त्यांनी कंपनीच्या परवानगीने घरी आणली. पिंजऱ्यात वाढलेली ती मातीला पाय लावेना, पायरीवरच थरथरत उभी राहिली. भाऊजी चपला काढून मातीत मांडी घालून बसले. बऱ्याच वेळाने ती उतरली, हुंगत हुंगत माझ्या मेथीच्या वाफ्यात शिरली आणि उकरू लागली. भाऊजी ओशाळून उठायला लागले.

"बसा हो," मी म्हटलं, "मेथी पुन्हा पेरीन."