वेगळा ठेवलेला पेला

मी नववीत असताना माझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी आल्या. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं, गाव निपाणी. गळ्याला गाठ दिसली की आमच्या गल्लीला रोग एकच ठाऊक, गंडमाळ. आणि गंडमाळ म्हणजे टीबीची सख्खी बहीण, असं म्हणत बायका नाकाला पदर लावायच्या. त्याआधी आठवडाभर ताप होता. घसा इतका सुजला होता की थुंकी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. आईने हळद-मिठाच्या गुळण्या करून घेतल्या. एरवी उष्ट्या हातानं कावळा न हाकणारी आमची शेजारीण सल्ले मात्र सढळ हाताने देऊन गेली. रोग परवडला, पण त्या बाईचं बोलणं नको, असं मला तेव्हाही वाटायचं.

घरात आम्ही तिघी. आप्पा चिक्कोडीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते, ते शनिवारी यायचे आणि सोमवारी जायचे. आई घरी विड्या वळायची. आणि आप्पांची थोरली बहीण, माझी आत्ती, तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. "मी हिला नुसती जन्माला घातली, बाकी सगळं आत्तीनंच केलं," असं आई स्वतःच हसून सांगायची. आत्तीचं आणि माझं ताट एक. चहा एकाच बशीतला, अर्धा तिने प्यायचा, अर्धा मी. पेरू आणला तर आधी ती दाताने फोडून बघायची. गोड निघाला तर माझ्या तोंडात, तुरट निघाला तर तिच्या. मी चौदा वर्षांची घोडी झाले तरी यात बदल नव्हता, आणि तो व्हावा असं मला वाटतही नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासायला बेळगावला पाठवलं. चार दिवसांनी कागद आला. डॉक्टर कन्नड, पण आमच्याशी मोडकंतोडकं, मायेचं मराठी बोलायचे. आईला म्हणाले, "टीबी न्हाय. ग्लँड्युलर फीवर म्हणतात ह्याला. औषध असं काय न्हाय, पडून राहायचं, पाणी लई प्यायचं. आपोआप जातंय. पण लाळेतनं लागतंय. हिचा पेला, ताट, चमचा वेगळं ठेवा."

टीबी नाही एवढं ऐकूनच आईने हात जोडले आणि मला घेऊन घरी आली. कड चेपलेला एक पेला घासून तिने खिडकीत वेगळा ठेवला. डॉक्टरांनी सांगितलं तेच तिने केलं, तिचं काही चुकलं नाही.

चुकलं माझं. दुपारी शेजारीण दारातूनच आईला म्हणाली, "पोरगी हाय, निघंल त्यातनं. पर तुझ्या नणंदेला लागलं तर? वखारीची धूळ खाऊन खाऊन छाती गेल्याली बाई ती." आत्तीला खोकला होताच. मी अंथरुणात पडून आठवत राहिले, या आठवड्यात तिने माझ्या उष्ट्या बशीतला चहा किती वेळा प्यायला, पेजेचा उरलेला घास कितींदा स्वतःच्या तोंडात टाकला. माझ्यामुळे आत्ती मरणार, असं मला अगदी खरंच वाटलं.

संध्याकाळी आत्ती वखारीतून आली. हातपाय धुतले, पेल्यात पाणी घेतलं, घोटभर स्वतः प्यायली आणि तोच पेला माझ्या ओठांशी आणला. मी मागे सरकले. खिडकीपर्यंत जाण्याचं त्राण नव्हतं. म्हणून शाळेच्या नळाखाली करायचो तशी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि म्हणाले, "आत्ती, लांबनं दे. वरनं वत."

तिचा हात जागच्या जागी थांबला. ती माझ्या ओंजळीकडे बघत राहिली. मग तिची नजर खिडकीत गेली.

"त्यो पेला कुणाचा?"

"तिचाच," आई चुलीपुढून म्हणाली. "डाक्टरनी सांगितलंय, वायला ठेवा म्हणून."

आत्ती हातातला पेला खाली ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. जेवायला हाक मारली तरी आली नाही.

मग आईने मला सांगितलं. आत्ती वखारीत कामाला लागली तेव्हा माझ्याएवढीच होती. आम्ही तेव्हा बौद्ध झालो नव्हतो. वखारीतल्या माठाला आमच्या जातीच्या बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीत होती. त्यांनी ओंजळ धरून उभं राहायचं, दुसरी कुणीतरी वरून पाणी ओतायची. तिला सवड नसली तर तसंच तहानलेलं कामाला बसायचं. असल्या गोष्टी मी विहारात ऐकल्या होत्या, आप्पांच्या तोंडून तर पाठ झाल्या होत्या. पण त्या ओंजळीत आत्तीचे हात असतील, हे कधी मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची इतकी शरम वाटली की रडू फुटलं, आणि घशामुळे तेही धड रडता येईना.

दुसऱ्या दिवशी आत्तीने खाडा केला. माझी वेणी घालून मला डॉक्टरांकडे नेलं आणि माझ्याआधी स्वतःच स्टुलावर बसली.

"डाक्टरसाहेब, ह्यो रोग शिवल्यानं लागतो काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "न्हाय आक्का. शिवल्यानं न्हाय. थुंकीतनं लागतंय. एका पेल्यानं पाणी, एका चमच्यानं खाणं, तेवढं नको."

"एका खोलीत निजलं तर?"

"निजा की."

"डोस्क्याला तेल लावलं तर?"

"लावा."

"हाताला हात लागला तर?"

"चालतंय."

"पुन्यांदा सांगा."

"चालतंय, आक्का." ते हसले नाहीत. "आणि तुम्हाला लहानपणीच होऊन गेला असंल बघा. पुष्कळांना होतोय, कळत बी न्हाय. घरात उष्टा घास कोण भरवत न्हाय? तरीपण पेला वेगळाच ठेवा. बरी झाल्यावर बी काही महिने."

"ठेवतो," आत्ती म्हणाली. "सगळ्यांचाच वायला ठेवतो."

घरी येऊन तिने खिडकीत चार पेले मांडले. एक आईचा, एक माझा, एक तिचा, आणि शनिवारी येणाऱ्या आप्पांचाही. कड चेपलेला तिने स्वतःला घेतला. शेजारणीने विचारलं तेव्हा "आमच्यात आता अशीच रीत हाय," एवढंच सांगितलं. आत्तीला माझा ताप काही लागला नाही.

पेले मांडून झाल्यावर तिने माझा भरला आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. मी म्हणाले, "आत्ती, काल माझं चुकलं."

"तुझं न्हाय चुकलं. तू माझ्या काळजीनं मागं सरलीस. त्या बायका काय माझ्या काळजीनं मागं सरत न्हवत्या. एवढा फरक कळतो मला."

पेला तिने माझ्या हातात दिला, पण सोडला नाही. तंबाखूने खरखरीत झालेले तिचे तळवे माझ्या बोटांवर घट्ट होते.

"मला धरता येतोय की," मी म्हणाले.

"ठावं हाय मला. पी."

एकेक घोट दुखत होता. सगळं पाणी संपेपर्यंत तिने हात काढले नाहीत.