दोघांचा मिळून एक व्हिसा

त्या दिवशीची स्टेशन डायरीतली नोंद मला आजही जशीच्या तशी म्हणून दाखवता येईल. 'सकाळी अकरा वाजता फिर्यादी ठाण्यात हजर. भावाचा परदेशात मृत्यू. एजंटाविरुद्ध तक्रार.' नोकरीत अशा कितीतरी ओळी लिहिल्या आणि विसरलो. ही ओळ मात्र विसरता आली नाही.

मी तेव्हा मोताळा भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या दिवशी ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा खिसा कापलेला, कुणाचा बैल सुटलेला, कुणी पिऊन पडलेलं. या गर्दीत पस्तिशीचा एक माणूस भिंतीला टेकून दोन तास उभा होता. डोक्याचे केस काढलेले, म्हणजे घरात नुकताच कुणाचा तरी दहावा झालेला. जो माणूस टेबलावर हात आपटतो त्याचं काम अर्ध्या तासात मिटतं, असा माझा अनुभव आहे. जो गप्प उभा राहतो त्याच्याकडे आधी बघावं.

मी त्याला आत बोलावलं.

"साहेब, माह्या भावाले मारलं त्यायनं," तो म्हणाला. "वेल्डर म्हनून नेलं अन् हेल्पर केलं. टाकीत मेला तो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोघे भाऊ. वडील लवकर गेलेले. आईनं भाजीपाल्याच्या वाडीवर दोघांना वाढवलं. थोरला, म्हणजे हा फिर्यादी, वेल्डर. पुण्याकडच्या एका कारखान्यात पाच वर्षं काम करून परत आलेला आणि आता रस्त्याच्या कडेला फाटकं, ट्रॉल्या करून देणारा. धाकटा त्याच्याच हाताखाली शिकलेला. आखाती देशातल्या एका कंपनीनं धाकट्याला पाईप वेल्डरचा व्हिसा दिला आणि चौथ्या महिन्यात पेटी आली. सोबत कंपनीचा कागद होता: कामाची वेळ नसताना, परवानगी न घेता, मोकळ्या टाकीत शिरला आणि गुदमरला.

"कुशल कामगाराच्या व्हिसावर नेऊन हमाली करून घेतली. ही फसवणूक नाही त काय आहे, साहेब?"

मला ते शंभर टक्के पटलं. एजंट लोकांचा मला मुळातच राग. इस्त्रीची कापडं घालून गावोगाव स्वप्नं विकत फिरणारी ही जमात. रायटर हवालदारानं फिर्याद लिहिली, वाचून दाखवली आणि सहीसाठी पुढे सरकवली. त्यानं कागद डावीकडे ओढून घेतला आणि सही केली. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

एजंट कार्यालयाला कुलूप लावून पसार झाला होता. आठवड्यानं खबर आली की तो वडनेर भोलजीला सासऱ्याकडे लपलाय. साध्या कपड्यांत गेलो. भरदुपारी सासऱ्याच्या ओसरीवर बसून ठेच्यासोबत भाकरी खात होता. मी त्याला जेवण पुरं करू दिलं. उपाशी माणूस सुटण्यासाठी काहीही बोलतो, जेवलेला जरा विचार करून बोलतो. हात धुऊन तो निमूट गाडीत बसला.

परदेशात माणसं पाठवायला लागते ती सरकारी नोंदणी त्याच्याकडे नव्हती. हे त्यानं पहिल्या पाच मिनिटांत कबूल केलं. पण पुढचं काही ऐकेना.

"साहेब, बिननोंदणीचा म्हणा, मान्य. पन मी वेल्डरच पाठवला."

"मग हेल्पर कसा झाला?"

त्यानं मला समजावून सांगितलं, आणि मी कबूल केलं पाहिजे की तोपर्यंत मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. अशा व्हिसावर माणूस आपल्या मर्जीनं जात नाही, कंपनी त्याला बोलावते. कंपनी तिथल्या सरकारला सांगते की मला अमुक कामाचा कसबी माणूस हवा आहे आणि त्याची जबाबदारी माझी. मग इकडे त्याची कामाची परीक्षा होते, छातीचा फोटो काढून तब्येत तपासतात, आणि व्हिसावर तीन गोष्टी एकत्र बांधल्या जातात: हा माणूस, हे काम, ही कंपनी. त्यातली एक गाठ सुटली की सगळं सुटलं. कंपनी सोडून दुसरीकडे काम धरलं तर तो गुन्हेगार ठरतो. काम येत नाही असं दिसलं तर कंपनी व्हिसा रद्द करून परत धाडू शकते.

"याले त्यायनं परत धाडलं नाही, हेल्पर केलं, कारन जोड बसतच नव्हते त्याचे," एजंट म्हणाला. "पन इथं त एक नंबर बसवले होते. व्हिडिओ पाहून घ्या."

परीक्षेचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होता. वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढलेला माणूस पाईपचा जोड भरतो आहे. अंगात निळ्या चौकटीचा शर्ट. धाकट्याच्या पासपोर्टच्या फोटोतही तोच शर्ट. म्हणजे माणूस तोच, असं मी धरून चाललो. हात असा चालला होता की मला वेल्डिंगमधलं काही कळत नसूनही बघत राहावंसं वाटलं. संथ, न थरथरता, आई बाळाच्या डोक्याला तेल लावते तसा.

तिसऱ्यांदा बघताना लक्षात आलं, वेल्डिंगची टॉर्च डाव्या हातात होती.

मला थोरल्यानं डाव्या हातानं केलेली ती सही आठवली. एजंट खोटा निघावा अशी माझी फार इच्छा होती हो.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला बोलावलं. चहा दिला. फोन टेबलावर ठेवून व्हिडिओ सुरू केला आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत प्रश्न विचारणं सोपं असतं, गप्प बसणं अवघड. तो आपल्याच हाताकडे बघत होता. जोड पुरा झाला, ठिणग्या विझल्या, तरी त्याची नजर हलली नाही.

"माहाच हात आहे, साहेब," तो म्हणाला.

"का केलं हे?"

"पहिले मीच चाललो होतो, दुसऱ्या एजंटाकडून. टेस्ट पास झालो. छातीच्या फोटोत डाग निघाला. कारखान्यात होतो तवा टीबी झाला होता, गोळ्या खाऊन बराबर झालो. पन डाग राह्यला. मेडिकलवाल्यायनं बाद केलं. मंग घरात बसून इचार केला. हात माहे, छाती त्याची. दोघांचा मिळून एक मानूस होते."

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हे मला सांगायचंय. आपल्याकडे भावाच्या जागी भाऊ उभा राहतो यात कुणाला काही वाटत नाही. बाजारात आज थोरला बसला तर उद्या धाकटा बसतो. शेताच्या पाण्याची पाळी एकाची, दारं धरून पाणी देतो दुसरा. गावकीच्या कामाला 'घरचा एक माणूस' बोलावतात. कोणता, ते विचारत नाहीत. या दोघांनी व्हिसाही तसाच धरला. घराच्या नावानं आलेलं बोलावणं. पण ते बोलावणं एकाच माणसाच्या दोन हातांना आलं होतं, आणि ते हात मोताळ्यातच राहिले.

"तिकडे गेल्यावर शिकेल, असं वाटलं होतं?"

"शिकत होता, साहेब. सुपरवायझरनं म्हनलं होतं, दोन महिन्यानं परत टेस्ट घेतो. मी रोज फोनवर शिकोत होतो."

त्यानं स्वतःच फोन काढला आणि आवाजाचे निरोप ऐकवले. धाकट्याचा आवाज कोवळा होता. "भाऊ, जेवनाच्या सुट्टीत भंगाराच्या पाईपावर करून राह्यलो. पन जोडात बारीक बारीक छिद्रं येऊन राह्यले. काऊन येत असतीन?" त्यावर थोरल्याचं उत्तर: "तथं वारा असन. वाऱ्यानं जोडावर सोडलेला आर्गन गॅस उडून जाते. आडोसा पाह्य, आडोशाले बसून कर."

तो निरोप धाकटा गेला त्याच दिवशीचा, तिकडच्या वेळेनं दुपारी साडेबाराचा होता. धाकटा त्याच सुट्टीत मोकळ्या टाकीत शिरला होता.

"आर्गनले वास नसते, साहेब," थोरला म्हणाला. "रंग नसते. हवेहून जड असते, खाली साचते. बंद टाकीत श्वास घेतला की मानूस बसल्या जागी जाते. हे मले माहीत होतं. पाच वर्षं कारखान्यात हेच सांगत होते आमाले. त्याले सांगायचं राह्यलं. आडोसा पाह्य म्हनलं अन् टाकीत जाऊ नको म्हनायचं राह्यलं." मग तो रडला. मी दार लावून घेतलं.

बऱ्याच वेळानं त्यानं माझे पाय धरले. "मले काय करायचं ते करा. पन हा निरोप मायले आयकू देऊ नका."

कायद्यानं जे करायला हवं ते मी केलं. एजंटावर बिननोंदणीचा धंदा आणि फसवणूक, तर थोरल्यावर दुसऱ्याच्या नावानं परीक्षा दिल्याबद्दल तोतयेगिरी. फिर्यादीचाच आरोपी झाला. त्याला अटक केली नाही, नोटीस देऊन सोडलं. हवालदार म्हणाला, "साहेब, त्याले अजून काय शिक्षा द्यायची राह्यली?"

दोषारोपपत्र पाठवायच्या आधी त्यांची आई ठाण्यात आली. कुणी बोलावलं नव्हतं. लुगड्याच्या पदराखाली कापडी पिशवी. तिनं पिशवीतून निळ्या चौकटीचा शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. घडी करून, इस्त्री केलेला.

"हा घ्या तुमच्या मुद्देमालात," ती म्हणाली. "फोटोतला शर्ट घालून जाय, म्हंजे कोनाले शंका येनार नाही, हे मीच सांगतलं थोरल्याले. त्याच्या एकट्याच्या नावावर नका लिहू."

मी म्हणालो, "आई, शर्ट घरी ठेवा."

तिनं तो परत घेतला नाही. जरा वेळ बसली. पाणी दिलं, ते प्यायली. मग तिनं विचारलं, "साहेब, तुमी सगळं शोधलं म्हनते. मंग एक सांगा. जेवनाची सुट्टी होती. सगळे जेवत होते. हा त्या टाकीत काऊन गेला? तथं त्याचं काय काम होतं?"

थोरला तिच्या मागोमाग येऊन दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्याचा फोन त्याच्याच खिशात होता. नियमानं तो मी जप्त करायला हवा होता. तोतयेगिरी सिद्ध करायला व्हिडिओ पुरेसा होता, असं मी स्वतःला सांगितलं होतं. खरं कारण ते नव्हतं. तो आवाज न्यायालयात लागला असता तर पहिल्या बाकावर ही बाई बसलेली असती.

"ऊन फार असतं तिकडे," मी म्हणालो. "सावलीला गेला असेल, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"हाव. लहानपनापासून त्याले ऊन सोसतच नव्हतं. वाडीत आला का पहिले पपईखाली जाऊन बसे." आणि पुष्कळ दिवसांनी कुणीतरी आपल्या लेकराबद्दल नीट काही सांगितलं, असा तिचा चेहरा झाला. थोरल्याचा दंड धरून ती पायऱ्या उतरली.

आता ती माय राहिली नाही, म्हणून हे लिहितो आहे. निवृत्तीनंतर अधूनमधून कुणी परदेशचे कागद दाखवायला घरी येतं. बहुतेक वेळा बाप किंवा भाऊ येतो. मी त्यांना म्हणतो, ज्याच्या नावावर आहे त्याला घेऊन या. मग त्याला समोर बसवून विचारतो की व्हिसावर लिहिलेलं काम तुझ्या हाताला येतं का? येत नसेल तर शिकून जा, उशिरा जा, पण दुसऱ्याच्या हाताच्या भरवशावर जाऊ नकोस. तिथे तुझ्या जागी उभं राहायला घरचं कुणी येणार नाही.

एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. दुसरी गोष्ट शिकलो ती शिकवण्यासारखी नाही. खरं शोधून काढायचं म्हणून मला पगार मिळत होता. ते मी शोधलं, आणि ज्या एका माणसानं ते मला विचारलं, तिला सांगितलं नाही. शर्ट पुढची दोन वर्षं माझ्या कपाटात होता. बदली झाली तेव्हा मी स्वतः वाडीवर नेऊन दिला. मी निघेपर्यंत तिनं तो धुऊन उन्हात वाळत घातला होता, धाकटा आत्ता येऊन घालणार असल्यासारखा.