कुंकवाचं बोट आणि पार्सलचा नंबर

मी बत्तीस वर्षं बेळगावात गणित शिकवलं. उत्तर बरोबर असलं आणि रीत लिहिलेली नसली, तर मी अर्धे गुण कापत असे. त्यावरून पालक भांडायला येत आणि मी त्यांना खुर्ची देऊन पुन्हा तेच सांगत असे. निवृत्तीनंतर थोरल्या भावाने, अण्णाने विणलेल्या साड्या परदेशी लिलावाच्या एका साइटवर विकायला घेतल्या, तेव्हा त्या साइटच्या नियमांची मी प्रिंट काढली आणि लाल पेनाने खुणा करत वाचली. हे सगळं आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते नियम माहीत नव्हते म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

अण्णा बेळगावच्याच वडगाव भागात राहतो. पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग आहे, जमिनीत खड्डा करून बसवलेला. अख्ख्या गल्लीत आता पॉवरलूम खडखडतात, हातमाग तेवढा अण्णाचा उरला आहे. एक व्यापारी त्याचा माल घ्यायचा. त्याने एकदा गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला, वर निरोप दिला की मशीनची साडी अशीच दिसते आणि गिऱ्हाईक विचारतसुद्धा नाही. त्यानंतर दोन महिने अण्णा मागावर बसलाच नाही. सकाळी अंघोळ करून मागाला नमस्कार करायचा आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. वहिनी मला फोनवर म्हणाली, "बोलतच न्हाईत ओ. जेवा म्हटलं तर जेवत्यात, एवढंच."

तेव्हा मी लिलावाचं काढलं. अण्णाने ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"बघ, तू म्हणतीस म्हणून विणतो. पण एक जरी साडी परत आली, तर त्या दिवशी ताणा कापणार आणि माग मोडीत घालणार. परत मला समजूत घालायला यायचं न्हाय."

ताणा म्हणजे मागावर चढवलेले उभे धागे. ते कापले की पुढचं विणणं संपलं. अण्णा बोलला की करतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून मी त्या नियमांकडे एवढी डोळ्यांत तेल घालून बघत होते. परदेशी गिऱ्हाइकाने तक्रार केली तर साइट विक्रेत्याच्या बाजूने उभी राहते, पण कधी? पार्सल बिलावरच्याच पत्त्यावर गेलं पाहिजे. त्याला नंबर पाहिजे, म्हणजे ते कुठपर्यंत पोचलं ते दिसतं. आणि शेवटी घेणाऱ्याची सही पाहिजे. यातलं एक नसलं की तुमचं संरक्षण गेलं, मग तुम्ही कितीही खरं बोला.

पहिल्या काही साड्या अगदी रीतसर गेल्या. लिलाव संपायची वेळ आपल्याकडे सकाळची यायची. मी अनगोळच्या माझ्या घरून स्कूटरवर वडगावला जायचे, चहा घेत आम्ही दोघं मोबाइलकडे बघत बसायचो. बोली वाढली की अण्णा गालात हसायचा आणि मी बघितलं की खोकल्याचं निमित्त करायचा. रक्कम त्याने कधी विचारली नाही. "किती जणांनी मागितली?" एवढंच विचारायचा. मग मी कॅम्पातल्या पोस्टात जायचे, कस्टमचा फॉर्म भरायचे, काउंटरवरच्या बाईंशी माझ्या मोडक्या कन्नडात बोलायचे आणि नंबराची पावती पर्समध्ये घालून घरी यायचे. अण्णाला या पावतीचं हसू यायचं. "साडी काय पळून जाणार हाय व्हय?" म्हणायचा.

त्याचं हसणं चूक नव्हतं. आमच्याकडे वस्तू पोस्टाने कधी जातच नाही, ती कुणाच्या तरी हाती जाते. निपाणीला औषध पाठवायचं तर बस स्टँडवर जायचं, कंडक्टरला सांगायचं, तिकडे माणूस उभा असतो. कोल्हापूरला लग्नाचा आहेर, पुण्याला भाकरी-खर्डा, अर्जाला जोडायचे दाखले, सगळं जाणाऱ्या माणसाच्या हाती. कोण कधी कुठे जाणार आहे हे घरोघरी पाठ असतं. आणि "जाताय तर तेवढं न्या की" म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मोरपंखी रंगाची, लाल काठाची साडी लिलावाला लावली तेव्हा अमेरिकेतल्या एका बाईंनी ती घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मराठीत निरोप आला. मराठी! आम्ही दोघं हरखून गेलो. त्यांनी लिहिलं होतं की साडी पोस्टाने पाठवू नका, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक इंजिनियर निपाणीचा आहे, तो रजेवर घरी आलाय, रविवारी परत निघेल, त्याच्या घरी दिलीत तर आठवड्यात माझ्या हातात येईल.

मी लाल खुणांचा कागद काढून अण्णाला वाचून दाखवला. नंबर नाही, पत्ता दुसरा, सही नाही. तिन्ही नियम एका फटक्यात मोडत होते.

अण्णा म्हणाला, "अगं, आपल्यातली बाई हाय. आणि निपाणीचं माणूस नेतंय. त्यांच्यावर भरवसा न्हाय तर मग कुणावर ठेवायचा?"

मी काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. वर्गात मी फळा बडवून सांगितलं असतं. पण त्या दिवशी मला वाटलं, खरंच, निपाणी म्हणजे काही परदेश नव्हे. शनिवारी मी बस पकडली आणि साडी मांडीवर घेऊन निपाणीला गेले. मुलगा खरेदीला कोल्हापूरला गेला होता. त्याची आई घरी होती, माझ्याच वयाची. त्यांनी पोहे केले, साडी उलगडून काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "काळजी करू नका ओ, मी स्वतः बॅगेत घालतो." संध्याकाळी मी परत आले. पावती नव्हती, आणि तिची आठवणही झाली नाही.

तीन आठवड्यांनी अमेरिकेतल्या बाईंचा निरोप आला की साडी मिळाली नाही. इंजिनियर म्हणतो, मला कुणी काही दिलंच नाही. मी ताबडतोब लिहिलं की मी स्वतः त्याच्या आईच्या हातात दिली. त्यावर उत्तर आलं ते इंग्रजीत. माणूस मराठी सोडून इंग्रजीत आला की समजायचं, गोष्ट बिघडली. मग त्यांनी साइटकडे तक्रार केली. साइटने मला सभ्य भाषेत पार्सलचा नंबर मागितला. मी बसचं तिकीट शोधून त्याचा फोटो पाठवला. आज आठवलं तरी कान तापतात. बत्तीस वर्षं रीत मागणारी मी, आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर बसचं तिकीट! निकाल बाईंच्या बाजूने लागला, पैसे त्यांना परत गेले आणि तीन महिने मला परदेशी लिलाव लावायला बंदी आली. साइटचं काही चुकलं नव्हतं. मीसुद्धा तेच केलं असतं.

अण्णाला मी सांगितलं नाही. साइट दुरुस्तीला काढलीय, असं खोटंच सांगितलं आणि सोमवारी पहिल्या बसने निपाणी गाठली.

इंजिनियरच्या आईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. त्या आत गेल्या, कपाट उघडलं आणि माझी साडी आणून पुढ्यात ठेवली. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली.

"बॅगेचं वजन जास्त झालतं," त्या म्हणाल्या. "काटा लावून बघितलं तर अर्धा किलो वर. ल्योक बाहेर गेलता. काय काढायचं? त्याला शेंगदाण्याची चटणी लागती, मेतकूट लागतंय. मी म्हटलं, साडी काय नासत न्हाय. पुढच्या म्हयन्यात शेजारची सून जाणार हाय, तिच्या हाती लावून देऊया. त्याला सांगायचं राहिलं, आन मग लाज वाटाय लागली."

मला भयंकर राग आला होता. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते, चांगली झणझणीत. पण हिशेब करून पाहिला तर या बाईंनी साडी लांबवली नव्हती, विकली नव्हती, नेसलीही नव्हती. परदेशी चाललेल्या मुलाची बॅग आईने भरली होती, एवढाच काय तो गुन्हा. आणि त्यांच्या हाती वस्तू देऊन निश्चिंत झालेली मी होते. माझी सगळी वाक्यं फुकट गेली. निघताना त्यांनी माझी ओटी भरली आणि डोळ्यांना पदर लावला.

बसमध्ये साडी पुन्हा मांडीवर होती. गेलेली साडी परत आली होती, यात आता काही शंका नव्हती. अण्णाची अट मला पाठ होती. घरी नेऊन कपाटात दडवावी, असं संकेश्वरपर्यंत मनात होतं. पण एक खोटं बोलल्यापासून मी नीट झोपले नव्हते, दुसरं पेलणारं नव्हतं. बेळगावात उतरले ती सरळ वडगावला गेले.

अण्णा मागावर होता. मी साडी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं, तिकिटाच्या फोटोसकट. मध्ये वहिनी येऊन दारात उभी राहिली. अण्णाने हातातला, आडवा धागा नेणारा धोटा बाजूला ठेवला. मागाच्या फळीवर त्याची कात्री नेहमी असते, मी तिच्याकडेच बघत होते. माझं रडू फुटायच्या बेतात होतं आणि साठी उलटलेल्या बाईने रडू नये म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

त्याने साडी उलगडली. वीणकर बघतो तशी घडी घडी करून बघत गेला, डाग आहे का, धागा ओढलाय का. पदराच्या कोपऱ्याशी त्याचा हात थांबला.

"हे काय?"

कोपऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लावलेलं होतं. सवाष्णीला साडी पाठवताना लावतात तसं. निपाणीच्या बाईंनी बॅगेत घालायच्या आधी लावलं असणार. साडी त्यांची नव्हती, जिला जायची तिला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी घरातून साडी बाहेर पडतेय म्हटल्यावर कोऱ्या कोपऱ्याने कशी जाऊ द्यायची, म्हणून लावलं. परत घेताना मी साडी उलगडून पाहिलीच नव्हती.

अण्णाने तो कोपरा उजेडाकडे धरला.

"ही परत आलेली न्हाय गं," तो म्हणाला. "कुंकू लावलं म्हणजे ही त्या बाईला दिलेली साडी झाली. वाटंत हाय अजून, एवढंच. पोस्टानं तिकडं लावून दे."

"अण्णा, त्यांना पैसे परत गेलेत. आता नंबर लावला तरी आपल्याला काही संरक्षण नाही. विक्रीच रद्द झालीय."

"मग इकू नको की. लावून दे म्हटलं."

आणि धोटा उचलून तो पुन्हा विणायला लागला. वहिनी आत गेली आणि आतून भांड्यांचा उगाचच मोठा आवाज आला. ती रडली की भांडी घासते.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या स्कूटरवर मागे बसून पोस्टात आला. यापूर्वी तो कधी आला नव्हता. फॉर्मवर मी 'भेट' लिहिलं. बाईंचा पत्ता मी लिहिला, पण त्याने चष्मा लावून अक्षर न अक्षर ताडून पाहिलं. नंबराची पावती त्याने माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्या खिशात ठेवली. त्यानंतर रोज सकाळी त्याचा फोन. "कुठं पोचली?" मुंबईत पोचली. मुंबईतच आहे. अजून मुंबईतच आहे. "दोन दिस काय करायली तिथं?" मग विमानात बसली. मग तिकडच्या कस्टमात. अकराव्या दिवशी सही झाली, तेव्हा त्याने फोनवर फक्त "बरं" म्हटलं. वहिनीने नंतर सांगितलं की त्याने पावती देवापुढे ठेवली.

बाईंचा निरोप आला, पुन्हा मराठीत. त्यांनी लिहिलं होतं, "मी तुम्हाला खोटं ठरवलं आणि तुम्ही मला कुंकू लावून साडी पाठवलीत. आई गेल्यापासून मला कुणी अशी साडी दिली नव्हती." खाली लिहिलं होतं की डिसेंबरात ओळखीचं कुणी पुण्याला येतंय, त्यांच्या हाती पैसे पाठवते. मी उलट टपाली कळवलं की कृपा करून कुणाच्या हाती काही पाठवू नका. ही साडी तुमचीच. पुढची हवी असेल तर लिलावात बोली लावा, रीतसर.

बंदी उठल्यावर मी पुढची साडी आणायला गेले. अण्णाने घडी घालून तयार ठेवली होती आणि पदराच्या कोपऱ्याला वहिनीकडून हळदी-कुंकवाचं बोट लावून घेतलं होतं.

"अण्णा, हा डाग धरतील. वर्णनात नाही ते साडीवर निघालं तर तक्रार करता येते त्यांना. मग पुन्हा संरक्षण गेलं."

"मग वर्णनात लिही की. तू मास्तरीण न्हवं?"

मी त्या कोपऱ्याचा जवळून फोटो काढला. घरी येऊन साडीची लांबी लिहिली, रुंदी लिहिली, सूत कोणतं ते लिहिलं आणि शेवटी ती ओळ घातली. तेव्हापासून प्रत्येक साडीच्या वर्णनात ती असते, आणि खरेदी करणारे विचारतात तेव्हा मी तीच पुन्हा पाठवते. "पदराच्या एका कोपऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लावलेलं आहे. हा दोष नाही. ही साडी तुम्हाला दिलेली आहे."